कानावर हात

"उद्या हिचे कान तपासू या," बायको म्हणाली, आणि हातातला पेला ओट्यावर ठेवायचा तो तसाच धरून तो उभा राहिला. ती न्हाणीघराच्या दारात पांढरा फ्रॉक पिळत होती. औषधांच्या दुकानातली पाळी संपवून ती नुकतीच आली होती. देशाची सुट्टी असली तरी औषधांना सुट्टी नसते. अंगात अजून दुकानाचा निळा कोट होता आणि कोटाच्या बाह्या तिने कोपरापर्यंत सरकवल्या होत्या. बादलीत बुडवून ठेवलेला फ्रॉक तिला दिसला, मग तिने मुलीला विचारलं, आणि मुलीने जे सांगितलं ते त्याने इथे ओट्याशी उभं राहून ऐकलं होतं. "बाबाने चुटकी वाजवली होती," खारू म्हणाली होती. "मलाच ऐकू आली नाही." "आणि तू तशीच उभी राहिलीस?" "हलायचं नसतं ना." मग बायकोने मान वळवून त्याला विचारलं, "वाजवली होतीस तू?" आणि त्याने "हं" असा आवाज केला. तो शब्दही नव्हता, नुसती नाकातून निघालेली हवा. पण या घरात त्याचा अर्थ 'हो' असाच धरतात. "मी म्हणतच होते," बायको म्हणाली. "किती दिवस हाका मारतेय, तर ही ढिम्म. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाप सगळ्या जगाचे कान तपासत फिरतो, आणि घरातले कोण बघणार?" "खेळात असली की मुलं ऐकत नाहीत गं." "ते मला नको शिकवूस. तुझी चुटकी जिन्यापर्यंत ऐकू येते. ती हिला ऐकू येत नाही म्हणजे काय? उद्या माझी दुपारची पाळी आहे, मीही येते." तिने फ्रॉक झटकला. पाण्याचे थेंब त्याच्या चेहऱ्यावर उडाले, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

ती चुटकी त्याच्या धंद्यातून घरात आली होती. इस्पितळाच्या मागच्या बाजूला, क्ष-किरण विभागाला लागून असलेल्या एका खोलीत तो कान तपासत असे. खोलीत आणखी एक खोली होती, आतून करड्या स्पंजाच्या टोकांनी मढवलेली, जाड दाराची, एका लहान काचेची. तिथे माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेर यंत्राशी बसून एकेक सूर सोडायचा आणि आतल्या माणसाची बोटं पाहायची. सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मोठ्यांचं ठीक होतं. लहान मुलांना मात्र वाट पाहायला शिकवावं लागे. तीन-चार वर्षांच्या पोराला 'आवाज आला तरच हल, नाहीतर हलू नकोस' हे समजावणं म्हणजे मांजराला पंगतीत बसवण्यासारखं. त्यात त्याचा हात कुणी धरत नसे. डॉक्टर म्हणत, तुमच्याकडे पाठवलेलं पोर पुतळा होऊन बसतं बुवा, काय करता काय? तो हसून म्हणे, वाट बघण्यात मजा आहे हे एकदा कळलं की झालं. खारूला त्याने ते फार लवकर शिकवलं होतं. 'पुतळा' म्हटलं की ती असेल तशी थिजायची, एक पाय वर असला तर वर, तोंडात घास असला तर घास तसाच. आणि मग तो चुटकी वाजवायचा की सुटका. चुटकी वाजेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते त्याला फार आवडायचं. सगळा चेहरा कान व्हायचा. भुवया किंचित वर, ओठ किंचित उघडे. असे हजार चेहरे त्याने काचेतून पाहिले होते, पण हा त्याचा होता. पुढे पुढे तो पुतळ्याचा उपयोगही करायला लागला. फोन आला की पुतळा, दूध उतू जातंय आणि ती नि तिचा धाकटा भाऊ पायात येताहेत की पुतळा. बायको म्हणायची, "एक दिवस विसरशील चुटकी वाजवायला आणि पोर उभी राहील जन्मभर." यावर ते सगळे हसायचे. खारू सगळ्यांत जास्त.

आज सकाळी झेंडावंदनाला निघताना ऊन आधीच चढलं होतं. या वस्तीत त्यांना राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते; जिन्यात भेटणाऱ्यांचे चेहरे ओळखीचे होते, पण नावं कळली नव्हती, आणि समोरचाही 'काय, बरं आहे ना' याच्या पुढे जात नसे. म्हणूनच तर जायचं ठरलं होतं. बायको सकाळी दुकानावर निघताना म्हणाली होती, "जा दोघांना घेऊन. चार लोकांत मिसळू देत. नाहीतर आपण म्हणजे अळीमिळी गुपचिळी." फ्रॉकला तिने रात्री इस्त्री करून ठेवली होती. दाराबाहेर पडताना तिने आणखी काहीतरी सांगितलं, तेव्हा तो धाकट्याच्या पायात बूट कोंबत होता आणि त्याने नुसतं हो हो म्हटलं. ती काय म्हणाली होती ते आता त्याला स्पष्ट आठवत होतं. मैदानावर सोडायच्या आधी तिला शू करवून आण, ती रांगेत उभी राहिली की सांगत नाही. मैदानाच्या कडेला सरबताचं टेबल मांडलं होतं. खारूने एक पेला प्यायला आणि दुसरा मागितला, आणि आजच्या दिवशी कशाला नाही म्हणायचं, म्हणून त्याने दुसराही घेऊन दिला. मांडवात खुर्च्या होत्या, पुढच्या रांगेत गादीच्या. झेंड्याच्या खांबाभोवती चुन्याचं वर्तुळ काढलेलं होतं आणि वस्तीतल्या सगळ्या लहान मुलांनी कागदी झेंडे घेऊन त्या वर्तुळावर उभं राहायचं होतं. खारू जाईना. त्याच्या विजारीला धरून राहिली. मग त्याने वाकून तिच्या कानात सांगितलं, "पुतळा. माझी चुटकी वाजेपर्यंत अजिबात हलायचं नाही. बघू कोण जिंकतं." तिचा चेहरा उजळला. ती धावत गेली आणि वर्तुळावर उभी राहिली. आता त्याला वाटत होतं की तोच क्षण खरा होता, नंतरचं सगळं त्यातूनच आलं. लोखंडी भोंगे चारी कोपऱ्यांवर बांधलेले होते, पाचशे माणसं बोलत होती, आणि आवाज किती अंतरावर किती मरतो हे ज्याला तोंडपाठ आहे अशा माणसाने आपल्या मुलीची सुटका एका चुटकीवर ठेवली होती.

झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. सगळे ताठ उभे होते, तोही होता, खांद्यावरच्या धाकट्याचे पाय घट्ट धरून. गीत संपलं तशी मुलं फुटली, गोळ्यांच्या पुड्यांकडे धावली, आणि चुन्याच्या वर्तुळावर एकटी खारू उरली. एका हातात कागदी झेंडा, दुसरा हात अंगाशी. तो चुटकी वाजवायला पुढे निघालाच होता. तेवढ्यात निवेदकाला ती दिसली. "अरे वा! इकडे बघा मंडळी, इकडे बघा!" भोंग्यांतून आवाज आला. "सगळी फौज खाऊवर तुटून पडली, पण हा एक शिपाई जागचा हलला नाही! याला म्हणतात शिस्त! जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठले आणि त्यांनी तिला सलाम ठोकला, लोक हसले, फोन वर झाले. त्याच्या शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते, पायात घरातल्या चपला, हातात घडी केलेली टोपी. "कुणाची आहे हो? काय गोड उभी आहे," ते म्हणाले. तो हसला. सांगायचंच होतं, पण जरा थांबून. आणखी एकदोघांनी विचारलं असतं, मग सहज म्हटल्यासारखं म्हटलं असतं, 'आमचीच.' त्या वेळी मानेपासून कानापर्यंत आलेली ऊब त्याला आता, या ओट्याशी, पुन्हा जाणवली, आणि आता ती वेगळ्याच कशाची होती. तो थांबला. पाहुण्यांनी माइक हातात घेतला आणि भाषण सुरू केलं. या चिमुकलीकडे पाहा, ते म्हणाले, ही आपल्याला काय शिकवते? त्याग शिकवते. संयम शिकवते. असं बरंच काही ती शिकवत होती आणि मधल्या वेळात ऊन खांबावरून सरकून तिच्या डोक्यावर आलं होतं. तिचा डावा गुडघा उजव्याला लागला. इतर कुणाला ते दिसलं नसतं, त्याला दिसलं. तिचे डोळे गर्दीवरून फिरत होते, मान न हलवता. भुवया वर, ओठ उघडे. ती ऐकत होती. इतक्या सगळ्या आवाजात ती एकच आवाज शोधत होती. त्याचा अंगठा मधल्या बोटावर टेकला होता. पुढे जायला हवं होतं, पाहुण्यांच्या भाषणाच्या मधून, सगळ्यांच्या देखत, आणि पोरीला उचलून आणायला हवं होतं. एवढं वाक्य संपू दे, त्याला वाटलं. ते वाक्य संपलं आणि दुसरं सुरू झालं.

आधी कुणाला कळलं नाही. मग पुढच्या रांगेतून एक हसू फुटलं, दाबलेलं, आणि ते मागे मागे येत गेलं. पांढऱ्या फ्रॉकवर काहीही लपत नाही. चुन्याची रेघ तिच्या बुटांपाशी भिजून करडी झाली. ती तरीही हलली नाही. पाहुणे थांबले. निवेदकाने माइक घेतला. मघाशी तिला शिपाई म्हणाला तोच आवाज. "अरेरे. कुणाची मुलगी आहे ही? पालक कुठे आहेत? पालकांनी कृपया पुढे यावं. कुणाची मुलगी आहे?" चारी भोंग्यांतून. टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, "कमाल आहे. पोरांना सोडतात आणि आईबाप कुठे उलथतात कोण जाणे." मग सहजच, खरं तर काहीच मनात न ठेवता, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमची तर नाही ना हो?" आणि तो म्हणाला, "माझा हा." त्याने खांद्यावरच्या धाकट्याच्या पायावर थोपटलं. माझा हा. यात खोटं काही नव्हतं. दोन शब्द, दोन्ही खरे. तेवढ्यात वरून धाकटा ओरडला, "ताई! ताई शू केली!" आणि बोट दाखवून टाळ्या पिटू लागला. गृहस्थांनी वर पोराकडे पाहिलं, पोराच्या बोटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काही बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली, आणि दुसरीकडे तोंड वळवलं. चुकून कुणाच्या न्हाणीघराचं दार उघडलं तर माणूस जसं पटकन लोटून घेतो तसं.

एक जाडशी बाई उठली. तिने खांद्यावरची ओढणी काढून खारूच्या कमरेला गुंडाळली आणि तिला उचलून मांडवाच्या कडेला नेलं. ते बघितल्यावर त्याच्या पायांत बळ आलं. तो सरळ गेला नाही. मांडवाच्या मागून, दोरखंड ओलांडत, जनरेटरच्या धुरातून तो गेला, आणि शेवटचा भाग तो पळाला. पळायची गरज नव्हती. धापा टाकत पोचलेला माणूस लांबून आलेला असतो, एवढ्यासाठी तो पळाला. "अगं, इथे आहेस होय तू! मी कुठे कुठे शोधतोय!" हे त्याने त्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "अहो, लेकराला असं सोडून जातात का?" बाई म्हणाली. "तहान लागली होती धाकट्याला, जरा तिकडे..." तो म्हणाला. वाक्य अर्धं ठेवलं की उरलेलं लोक आपापल्या परीने भरून घेतात. खारू त्याच्याकडे बघत होती. कागदी झेंडा तिने अजून सरळ धरला होता. त्याने चुटकी वाजवली. आता तिचा काही उपयोग नव्हता, पण त्याशिवाय ती बाईच्या कडेवरून खाली उतरेना. वाटेत ओढणीत तिची पावलं अडकत होती म्हणून तो हळू चालत होता. दुकानांच्या बंद फळ्या, फुटपाथवर आधीच पडलेले कागदी झेंडे, कुणाच्या तरी खिडकीतून येणारं तेच भाषण. कोपऱ्यावर ती म्हणाली, "बाबा, मी हलले नाही." "हो." "अगदी थोडीसुद्धा नाही. बघितलंस ना तू?" रस्ता ओलांडायचा होता, गाड्या येत होत्या. त्याने तिचा हात घट्ट धरला आणि उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं.

तिने 'बघितलंस ना' असं विचारलं होतं. ती दुपारभर त्या दोन शब्दांपाशी त्याला बांधून ठेवत होती, आणि आता संध्याकाळी तीच आईला सांगत होती की मला ऐकू आलं नाही. तिने हे कधी ठरवलं असेल? ठरवलं असेल की खरंच तिला तसं वाटत असेल? सहा वर्षांच्या मुलीला हे सोपं असावं: बाबा विसरत नाही, म्हणजे बाबाने वाजवली असणार, म्हणजे मला ऐकू आली नाही. हिशेब चोख. या हिशेबात कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं असणं भाग होतं, आणि तिने आपले कान पुढे केले होते. त्याला त्याचे वडील आठवले. ते रस्ते करणारा रोलर चालवत. आयुष्यभर त्या लोखंडाच्या खडखडाटात बसून त्यांचे कान गेले होते आणि म्हणूनच तो या धंद्यात पडला, असं तो पाहुण्यारावळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे त्या वर्षी त्याच अभ्यासक्रमात जागा उरली होती. त्याच्या लहानपणी अशाच एका सुट्टीच्या दिवशी वडील त्याला खांद्यावर बसवून संचलन पाहायला घेऊन गेले होते. बँड आला, घोडे आले, आणि घोडे बघून त्याला खांद्यावरच शू झाली. वडिलांच्या शर्टाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत भिजली. त्यांनी त्याला खाली उतरवलं नाही. घोडे पूर्ण जाईपर्यंत उतरवलं नाही. परतीच्या वाटेवर कामावरचे दोस्त भेटले, एकाने विचारलं, "काय रे, शर्ट कशाने भिजला?" वडील मोठ्याने बोलत, बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं: "चिरंजीवांनी सलामी दिली!" सगळे हसले. खांद्यावर तोही हसला होता. आपल्यालाच हसताहेत हे कळायचं वय नव्हतं म्हणून हसला, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आज वाटलं, तसं नसावं. त्या हसण्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतंच. त्या माणसाने ती सगळी आपल्या पाठीवर घेतली होती.

दिवस मावळायच्या आत गच्चीवर सगळे गोळा झाले. मैदानावर आतषबाजी होणार होती. तो नको म्हणत होता, गर्दी असेल, बायको म्हणाली, "सणावारी घरात तोंड पाडून बसू नये. आणि झालं ते झालं, पोरांचं होतंच असं. तू कशाला सुतक्यासारखा बसलायस?" ती इतक्या चांगुलपणाने हे म्हणाली की तो उठला. खारूला फटाक्यांची भीती होती, पहिल्यापासूनच. पहिला बार आकाशात फुटला तशी तिने दोन्ही हात कानांवर दाबले आणि आईच्या कोटात तोंड घातलं. बायको तिच्या डोक्यावरून हात फिरवत सहज म्हणाली, "ऐकू तर येतंय की हिला." तो कठड्याशी होता. त्याने पाहिलं, खारू क्षणभर तशीच राहिली. मग तिने कोटातून तोंड बाहेर काढलं, हात कानांवरून खाली घेतले आणि अंगाला लावून सरळ धरले. पुढचा बार फुटला. तिने खालचा ओठ दातांत घेतला. तिसरा फुटला, छपरांवरची कबुतरं उडाली, धाकटा किंचाळून हसला, आणि ती हात अंगाशी धरून, डोळे न मिटता, फुटणाऱ्या लाल-हिरव्या उजेडाकडे बघत उभी होती. कुणीही तिला पुतळा म्हटलं नव्हतं. या वेळी त्याने बोलायला हवं होतं. बायको दोन हातांवर होती. "थंडी वाजतेय, खाली जाऊ," तो म्हणाला. एवढ्या उकाड्यात थंडी कसली, असं तिने विचारलंही नाही. नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात नोंदणीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काय हो, आज घरचंच गिऱ्हाईक?" तो म्हणाला, "हो ना, बायकोचा हुकूम." "बरंच झालं. नाहीतर स्वतःच्या घरचं म्हटलं की सगळे डॉक्टर कानावर हात ठेवतात." त्या आपल्याच विनोदावर खुश होऊन हसल्या. बायकोही हसली. त्याने किल्ली काढून खोली उघडली, यंत्र सुरू केलं आणि ते तापेपर्यंत उगाचच तारा सरळ करत राहिला. कान तपासणाऱ्याला सगळ्यांत आधी शिकवतात ते हे, की काही लोक ऐकू येत असून ऐकू येत नाही म्हणतात. कुणाला कामावरून सुटका हवी असते, कुणाला घरात कुणीतरी आपल्याकडे लक्ष द्यावं असं वाटत असतं. त्यांना पकडायच्या युक्त्या असतात आणि त्या त्याला येत होत्या. मात्र कुणाला तरी वाचवण्यासाठी बहिरं झालेलं माणूस त्याच्या समोर अजून आलं नव्हतं. खारूला त्याने आतल्या खोलीत छोट्या खुर्चीवर बसवलं. मुलांसाठीची पद्धत निराळी होती: समोर लाकडी ठोकळ्यांची परडी, पायाशी पत्र्याचा डबा. ठोकळा उचलून गालाशी धरायचा, सूर ऐकू आला की डब्यात टाकायचा. तिला हे येत होतं; इथे खेळायला ती आधीही आली होती, आणि तेव्हा ठोकळे इतक्या भराभर पडायचे की त्याला हसू यायचं. त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. ते तिला मोठे होत होते. "नीट ऐक हं," तो म्हणाला. तिने मान हलवली, त्याच्याकडे न बघता. जाड दार लावताना नेहमीसारखा तो फुस्स आवाज झाला, आणि ती काचेपलीकडे गेली.

बायको त्याच्या मागे उभी होती, झोपलेल्या धाकट्याला खांद्यावर घेऊन. त्याने पहिला सूर सोडला, मध्यम, सगळ्यांना ऐकू येतो असा. ठोकळा गालाशी राहिला. त्याने थोडा वाढवला. ठोकळा गालाशी राहिला. आणखी वाढवला. "अगं बाई," मागून बायको हळूच म्हणाली. त्याने उजवा कान सोडून डावा घेतला, मग पुन्हा उजवा. यंत्राचा काटा तिथे गेला जिथे शेवटच्या वर्षांत त्याचे वडीलसुद्धा मान वळवत. ठोकळा गालाशी होता, पण तो धरणारी बोटं पांढरी पडली होती. ऐकू न येणाऱ्या मुलाची बोटं सैल असतात, कारण त्याला आवरण्यासारखं काही नसतं. इथे प्रत्येक सुराला तिच्या पापण्या किंचित थरथरत होत्या आणि ती नजर पत्र्याच्या डब्यावर गाडून बसली होती. हे ती नीट करत होती. त्याने शिकवलं होतं त्यापेक्षाही नीट. "इतकं? अरे, काहीच नाही का ऐकू येत तिला?" बायकोचा आवाज फुटला. "काल विचारते मी तुला, आणि तू हं म्हणतोस! डॉक्टरांना बोलाव ना. बोलाव त्यांना." दार उघडून डॉक्टरांना बोलावणं सोपं होतं. ते आले असते, त्यांनी कानात बत्ती घातली असती, मोठ्या इस्पितळात पाठवलं असतं, आणि खारू तिथेही अशीच बसली असती, जोवर त्याला हवं तोवर.

त्याने यंत्रावरचा हात काढला. यंत्राला एक माइक होता, आतल्या माणसाशी बोलण्यासाठी. मुलांना शाबास म्हणायला तो वापरायचा. त्याने तो ओढून जवळ घेतला, आणि आवाजाची कळ खाली आणली. खाली, आणखी खाली, अगदी तळाशी, जिथे फक्त निकोप कानालाच काही लागतं. आपण हे का करतोय ते त्याला कळत होतं. तिला ऐकू आलं नाही तर बोललो असं म्हणताही येईल आणि झाकलंही राहील. इतकं कळूनही त्याने कळ वर नेली नाही. "खारू," तो माइकला ओठ लावून हलकेच म्हणाला. "मी चुटकी वाजवली नव्हती."

पत्र्याच्या डब्यात ठोकळा पडला. काचेतून आवाज आला नाही, पण तो पडताना दिसला, आणि तिचा मोकळा हात दिसला. मागे बायकोने झोपलेल्या मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता, वळून पाहायचा धीर नव्हता. आत खारूने मान वर केली आणि काचेतून त्याच्याकडे पाहिलं. मग परडीत हात घालून तिने दुसरा ठोकळा उचलला आणि गालाशी धरला. खेळाचा नियमच तसा होता.

"आणि कुणाची मुलगी म्हणून विचारलं," तो माइकमध्ये म्हणाला, "तेव्हा मला ऐकू आलं होतं. मी तिथेच होतो. मी सांगितलं नाही."

ठोकळा गालाशी होता. तिच्या पापण्या हलल्या, म्हणजे तिला ऐकू आलं होतं. त्यात शंका नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती आणि ठोकळा सोडत नव्हती. बोटं घट्टही नव्हती आणि सैलही नव्हती. बायकोने मागून विचारलं, "काय म्हणालास तू?" आता हललं तर चालणार नव्हतं. दोन्ही हात यंत्राच्या कडेवर ठेवून, तिच्या बोटांवर नजर लावून, तो काचेच्या अलीकडे बसून राहिला.